एका चाकाचा इसार

"पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, वैजयंती. पिन पैसे द्यायला लागतो!"

संघप्रिया जिन्याच्या वळणावरून ओरडून सांगत होती. ती समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची, पतसंस्थेत नोकरीला होती, आणि असल्या भानगडी रोज बघायची. वैजयंतीनं मात्र कानावरचा फोन न काढता "हो गं, माहितीय मला," म्हणून हात हलवला आणि दार लोटून घेतलं. फोनवरचा माणूस फार सभ्य होता. लष्करात आहे, बदली झालीय, तुमच्या बाळाचा पाळणा मला पाहिजे, म्हणत होता. अकरा मिनिटांत बावीस हजार गेले. पाळणा जागच्या जागी राहिला.

त्याला दोन वर्षं झाली. नवरा, अजिंक्य, तेव्हा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे तिच्या फोनमधलं पैशाचं अ‍ॅप काढून टाकलं, आणि तेव्हापासून घरात कुठलाही व्यवहार निघाला की तो म्हणायचा, "राहू दे, मी बघतो." गॅसचं बुकिंगसुद्धा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली वैजयंती त्या "राहू दे"नं रोज थोडी थोडी लहान होत गेली.

म्हणून तर तिनं चाकं विकायला काढली.

चाकं म्हणजे गाडीची चार अलॉय. काळीभोर, कडेला चकचकीत रुपेरी पट्टी, एकदाही रस्त्याला न लागलेली. अजिंक्य चाकणला कारखान्यात होता. शनिवारी रात्री सोलापूरला यायचा, रविवारी रात्री परत जायचा. दिवाळीत त्यानं ती पुण्याहून मोठ्या हौसेनं आणली आणि बसवायच्या आधीच गाडी विकायची वेळ आली. गाडी घेणाऱ्यानं आहे त्या लोखंडी चाकांवर गाडी नेली. नव्या चाकांचे वेगळे पैसे द्यायला तो काही तयार होईना. तेव्हापासून ती चार खोकी हॉलमध्ये टीव्हीखाली ठाण मांडून होती. साडेतीन वर्षांची आरोही त्यातल्या एकावर बसून जेवायची.

"मी आल्यावर बघू," अजिंक्य म्हणाला होता. "तू त्यात पडू नको."

सोमवारी सकाळी तो चाकणला पोचल्याचा मेसेज आला आणि वैजयंतीनं चाकांचे फोटो काढून जाहिरात टाकली. खाली स्वतःचा नंबर. शनिवारच्या आत विकायची, रोख घ्यायचे, आणि पाकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवायचं. बोलायचं काही नाही. नुसतं ठेवायचं आणि भाकरी वाढायची.

पहिला फोन हिंदीत आला. "मॅडम, मैं कैंटोनमेंट से..." एवढं ऐकूनच तिनं कापला. दुसऱ्यानं चाकांचं काही विचारलंच नाही. घर कितव्या मजल्यावर, वॉचमन किती वाजेपर्यंत असतो, हेच. तिसरा म्हणाला, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतोय." तिनं तिघांचे नंबर वहीत उतरवले आणि प्रत्येकापुढे "नको" असं लिहिलं.

चौथ्यानं नमस्कार वगैरे काही केला नाही.

"चार नटाची का पाच?"

"काय?"

"चाकं ओ ताई. नटाची भोकं किती हायत?"

वैजयंतीनं गुडघ्यावर बसून खोकं उघडलं आणि बोट लावून मोजली. "चार."

"उन्हात हुती का सावलीत?"

"घरात आहेत. का बरं?"

"न्हाई, इचारलं. बरं, ठेवतो. गाडी काढायचीय."

फोन बंद. कोण, कुठला, काही नाही. तिनं लगेच उलटा फोन लावला. वाजून वाजून थांबला. चाळीस मिनिटांनी त्याचाच आला.

"गाडी चालवत हुतो. चालवताना मी फोन घेत न्हाई, ताई. एकतीस वर्सं झाली, कवा घेतला न्हाई. तिप्पण्णा बिराजदार माजं नाव."

एकतीस वर्षांपूर्वी ह्याच्याकडे फोन होता तरी का, असं वैजयंतीच्या मनात आलं. वहीत तिनं "तिप्पण्णा" लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

दुपारी साडेतीनला बेल वाजली. तिनं आधी दाराच्या भिंगातून पाहिलं. साठीच्या घरातला माणूस, पांढरा शर्ट, पांढरी पँट, खांद्यावर नॅपकिन, काखेत गुंडाळलेली जुनी चादर. चपला त्यानं बेल वाजवायच्या आधीच काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. इतकं शहाण्यासारखं वागणारा माणूस तिला आवडला नाही. लष्करातला तोही वाक्यागणिक "जी" म्हणायचा.

साखळी न काढता तिनं दार बोटभर उघडलं.

"साहेब हायत का?"

"आहेत. आत झोपलेत. रात्रपाळी असते त्यांची."

"बाबा चाकणला आहेत," आरोही तिच्या गुडघ्याआडून म्हणाली. "बाबा शनिवारी येतात."

वैजयंतीची कानशिलं तापली. मेलीला नेमकं आत्ता तोंड फुटलं! पण तो माणूस हसला नाही. खाली वाकून, फटीतून आरोहीला म्हणाला, "बाई, आई म्हनती तेच म्हनायचं. बाबा झोपल्यात." मग वैजयंतीकडे न बघता, जिन्याकडे तोंड करून म्हणाला, "बरोबर सांगितलासा ताई. असंच सांगत जावा. मी हितं भाईरच बसतो, चाक हिकडं आना."

तो जिन्याच्या फरशीवर चादर अंथरून बसला. वैजयंतीनं एक चाक बाहेर ढकललं आणि उंबऱ्यावरच उभी राहिली, एका हातात आरोहीचा दंड, एका हातात फोन. फोनवर कुणाशी तरी बोलत असल्याचं सोंग करून तिनं त्याचा फोटो काढला. त्याच क्षणी त्यानं खांद्यावरचा नॅपकिन सारखा केला. याला कळलं की काय?

खिशातून रुपया काढून तो चाकाच्या कडेकडेनं टकटक वाजवत गेला. कान अगदी जवळ.

"काय ऐकताय?"

"तडा असंल तर आवाज बसका येतोय. मडकं घेताना न्हाई का तुमी वाजवून बगत?" चाक फिरवून त्यानं आतली बाजू पाहिली. "कंपनीचं न्हाई हे. भाईरचा माल हाय."

"नवीन आहेत. बिल आहे माझ्याकडे."

"नवीन हायत की. वाईट कोन म्हनतंय? पन भाईरच्या मालाचं हे मधलं भोक गाडीगनिक येगळं असतंय. नट बसतील, मधी सैल ऱ्हाईल. मग ऐंशीच्या फुडं गेलं की श्टेरिंग थरथर कापतंय. येकदा बसवून बगाया पायजे."

"मग गाडी घेऊन या."

"गाडी न्हाई येत. चाकं काढून इटांवर ठिवलीया. रंग चाललाय."

"गाडी तुमची स्वतःची?" प्रश्न तिनं ठरवला तसा सरळ बाहेर पडला नाही. त्याला टोक होतं.

"माजीच." तो चाकाकडे बघतच बोलला. "गेल्या महिन्यात घेतली. चौदा वर्सांची हाय, पन माजी हाय. एकतीस वर्सं दुसऱ्याची चालवली. त्यातली सतरा डॉक्टरसाहेबांकडं. त्येंच्या दोन नातवंडांना शाळंत मीच सोडतो, मीच आनतो."

"आणि चौदा वर्षांच्या गाडीला ही असली चाकं?"

"हौस," तो म्हणाला. साठीचा माणूस, पण हा शब्द उच्चारताना त्याची मान खाली गेली. "साहेबांच्या परत्येक गाडीला असलीच हायत. मीच धुतो की. काडी घालून येकेक फट साफ करतो. म्हनलं, एकदा आपल्या सोत्ताची करून बगावी."

मग त्यानं जे मागितलं ते ऐकून वैजयंतीनं आरोहीला मागे ओढलं. एक चाक घेऊन जातो, म्हणाला. एकच. घरी गाडीला बसवून बघतो, बुधवारी सांजच्याला पाच वाजता येतो, बसलं तर चारींचे पैसे रोख, नाही बसलं तर चाक परत.

"आणि तुम्ही आलाच नाहीत तर?"

"हौद री, ते बी बरोबर," तो कानडीत स्वतःशीच म्हणाला आणि छातीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं लायसन काढून त्यानं उंबऱ्यावर ठेवलं. "हे ठिवा."

"आधार कार्ड नाही का?"

"आधाराची झेरॉक्स गल्लीत कुनीबी काढून देतंय. हे न्हाई देत. ह्याच्याबिगर माजं काय हाय, सांगा? म्हंजी मी येनारच की." लायसनशेजारी त्यानं पाचशेची एक नोट ठेवली आणि वर तो मघाचा वाजवायचा रुपया. "आन् हा इसार. सौदा आमच्याकडनं मोडला तर हा तुमचा. तुमच्याकडनं मोडला तर तुमी दुप्पट द्यायचा. जुनी रीत हाय, ताई. लिवायचं-बिवायचं काय लागत न्हाई."

तिला हो म्हणायचं नव्हतं. पण तिघांपुढे "नको" लिहून झालं होतं, आणि शनिवार काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. तान्ह्याला कुंची घालावी तसं त्यानं चाक चादरीत गुंडाळलं, आणि खाली नेऊन लुनाच्या पुढच्या जागेत दोरीनं करकचून बांधलं. वैजयंतीनं गॅलरीतून लुनाचा नंबर वहीत घेतला.

बुधवार पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळ आला होता, आणि ती पिंपं, बादल्या, कुकर, जे सापडेल ते भरत एक कान बेलकडे ठेवून होती. पाच वाजले. साडेपाच. सहाला तिनं फोन लावला. नुसता वाजत राहिला. गाडी चालवत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. साडेसहाला पुन्हा वाजला. सातला बाईचा आवाज आला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग फोन बंदच. तिनं एकूण चौदा वेळा लावला. टीव्हीखालच्या रांगेत एक जागा दात पडल्यासारखी मोकळी दिसत होती. जेवताना आरोहीनं विचारलं, "माझी खुर्ची त्या आजोबांनी नेली?"

गुरुवारी सकाळी तिनं संघप्रियाला जिन्यातच गाठलं आणि लायसन हातात दिलं.

"लायसन टाकून कोण पळतं गं?" संघप्रिया म्हणाली.

"खोटं असेल."

"बघू. खरं दिसतंय की. फोटो तेवढा जुना आहे, केस काळे आहेत. मजरेवाडीचा पत्ता आहे. थांब जरा, संध्याकाळी मी आल्यावर दोघी जाऊन येऊ."

"आणि तोवर त्यानं विकून टाकलं म्हणजे?"

"एक चाक कोण विकत घेणारंय, येडे?"

"आणि माझी तीन कोण घेणारंय?" वैजयंतीचा आवाज चढला. "मागच्या वेळी तुझं ऐकलं नाही ना मी? म्हणून तर आता सावध झालेय."

"अगं पण सावध म्हणजे..." संघप्रियाची सिटी बस चुकत होती. वाक्य तसंच टाकून ती खाली उतरली.

संध्याकाळ अजून फार लांब होती. वैजयंतीनं लायसनचा फोटो काढला, जिन्यात चोरून काढलेला त्याचा फोटो त्याला जोडला, आणि लिहायला बसली. प्रयोगवहीत निरीक्षणं लिहावीत तसं तिनं एकेक वाक्य तपासून लिहिलं. "सावधान. हा इसम जुन्या वस्तू घेण्याच्या निमित्तानं दुपारच्या वेळी घरी येतो. पुरुषमाणूस घरी आहे का, हे आधी विचारतो. वस्तू नेतो आणि फोन बंद करतो. लहान मुलांशी गोड बोलतो. घरात मुलं असणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी." त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. तिनं दोनदा वाचून खात्री करून घेतली. चाकाचा उल्लेख मात्र केला नाही. अजिंक्यच्या कुणा मित्रानं वाचलं असतं तर? खाली नावही घातलं नाही. सोसायटीचा ग्रुप, खरेदी-विक्रीचा ग्रुप, आरोहीच्या बालवाडीतल्या आयांचा ग्रुप. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो मेसेज गेला, आणि कितीतरी दिवसांनी तिनं सावकाश बसून चहा घेतला.

साडेअकराला तोच मेसेज तिच्याकडे परत आला. बार्शीहून, तिच्या मामेबहिणीकडून. वर तीन लाल दिवे होते. फोटो तिचेच, वाक्यं मात्र फिरलेली. "सोलापुरात मुलं पळवणारी टोळी दाखल. हा म्होरक्या. शाळांच्या आसपास दिसल्यास सोडू नका." खाली बहिणीनं लिहिलं होतं, "आरोहीला जप गं."

वैजयंतीनं टाइप केलं, "मी असं लिहिलं नव्हतं." मग पुसलं. मी म्हणजे कोण, हे सांगावं लागलं असतं. आणि दुसरं मन म्हणत होतं, असेलही. आपल्याला काय माहीत? पोरीशी बोलला नव्हता का तो? संध्याकाळी संघप्रियाला उशीर झाला आणि मजरेवाडीला जायचं राहून गेलं. वैजयंतीनंही आठवण काढली नाही.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला बेल वाजली. भिंगात एक म्हातारी दिसली. इरकलीचा पदर डोक्यावर, कपाळाला विभूती, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी गोल. एवढं वजन घेऊन ती दोन मजले चढली होती आणि तिचा श्वास दाराच्या आत ऐकू येत होता.

वैजयंतीनं साखळी काढली.

"बिराजदारीण मी. नागूबाई," ती म्हणाली. "चाक आनलंय तुमचं. बगून घ्या. आन् लायसन द्या त्येंचं."

"आत या ना मावशी. बसा."

"बसत न्हाई."

तिनं उंबऱ्यावरच चादर सोडली. चाक गेलं होतं त्यापेक्षा चकचकीत होऊन आलं होतं. एकाही फटीत धुळीचा कण नव्हता. वैजयंतीनं नको तेच विचारलं.

"बसलं का गाडीला?"

"बसलं की. सोमवारीच बसवलं. मधलं भोक अगदी मापात हाय म्हनले. हातानं फिरवून फिरवून बगत हुते लेकरागत. मला म्हनले, नागे, बग, कुटं हालतंय का."

"मग बुधवारी... मी वाट बघितली. फोन किती केले मी!"

"गाडीत हुते." नागूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंगळवारी डॉक्टरांच्या आईला हैदराबादला न्यायचं आलं, उभ्या उभ्या. मी म्हनलं, लायसन त्या बाईकडं हाय, जाऊन मागून आना. तर म्हनले, चाक दिल्याबिगर लायसन मागितलं तर तिला वाटंल मानूस फिरला. जातो तसाच. गेले. डॉक्टर आईसंगं तितंच ऱ्हायले, हे येकलेच गाडी घेऊन माघारी निगाले बुधवारी, तुमची पाचची येळ धरून. नाक्यावर पोलिसांनी धरलं. लायसन कुटाय? घरी हाय. सतरांदा इचारलं, हे सतरांदा तेच. रातभर तितंच बसवलं, फोनचा जीव गेला. गुरवारी सकाळी दंड भरून सुटले, ते सरळ शाळंवर. पोरांची सुटायची येळ झालती."

शाळा म्हटल्यावर वैजयंतीचा हात आपोआप दाराच्या चौकटीवर गेला.

"कुनी मारलं न्हाई," नागूबाई म्हणाली. जणू वैजयंतीनं ते विचारलंच होतं. "खोटं कशाला बोलू? नुसतं भिताडाला उभं केलं. समद्यांच्या हातात फोन, समद्या फोनात ह्येंचं तोंड. धाकटी नात डॉक्टरांची, तिनं ह्येंचा हात धरलावता. लोक म्हनाले, पोरीचा हात सोड. तिनं धरलावता ओ बाई, त्येनी न्हाई. तरी त्येनीच सोडवून घेतला. हवालदार आला, चांगला हुता बिचारा, बगून सोडलं. मग डॉक्टरांची सून आली. तिला समदं ठावं हाय, सतरा वर्सं बगतीया. ती म्हनली, काका, लोक लई बोलायलेत, थोडे दिवस येऊ नगा."

वैजयंतीनं आत जाऊन लायसन आणलं. कपाटातली पाचशेची नोट आणली, वर तो रुपयाही ठेवला. नागूबाईनं लायसन उचललं, काळ्या केसांचा फोटो अंगठ्यानं पुसला आणि चोळीत ठेवलं. पैशाला हात लावला नाही.

"हे घ्या मावशी. इसार आहे तुमचा."

"ठिवा. सौदा आमच्याकडनं मोडला. येळंला आलं न्हाई मानूस."

"नाही, माझ्याकडनं मोडला." हे शब्द तिच्या तोंडून बाहेर आले तेव्हा पाठोपाठ उरलेलंही आलं. "मेसेज मीच टाकला होता. तो फोटो... मीच काढला होता, इथे उभं राहून."

"ठावं हाय. जिना दिसतोय की फोटोत. त्येनी वळखला." नागूबाईनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं राग नव्हता. "मला म्हनले, ताईवर चिडू नगंस, लेकरू घरात येकलं असतंय तिचं. चाक तेवढं पोचव."

"ते कुठे आहेत? मी येते. मी त्यांच्यासमोर..."

"तेच तर ठावं न्हाई." आत्तापर्यंत सरळ धरलेला आवाज इथे वाकला. "रातभर चाक पुसत बसले. पहाटं उठून बगते तर न्हाईत. फोन घरात. लुना घरात. पांढरा डरेस खुटीला. जेऊरला भन हाय त्येंची, तिला फोन केला, तितं न्हाई. मला वाटलं, लायसन तरी नेऊन ठिवावं घरात. आले तर दिसंल."

"पोलिसांत...?"

"कालच लोकांनी पोलीस आनला हुता त्येंच्यासाटी. आता मी कुटल्या तोंडानं जाऊ, सांगा?" तिनं चादरीची घडी घातली, काठाला काठ जुळवून. "तुमी दुप्पट द्यायचं म्हनला तर देता येनार हाय का? नाव गेलं त्येंचं. दुप्पट नगं बाई. हुतं तेवढं द्या म्हनलं तरी कुटनं देशीला?"

आणि कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरत गेली. वैजयंती "रिक्षा करून देते," म्हणत मागोमाग दोन पायऱ्या उतरली. म्हातारीनं मागे न बघता नुसता हात हलवला.

वैजयंतीनं फोन उघडून तिन्ही ग्रुपवरचा मेसेज पुसला. तिचा तेवढा गेला. लाल दिव्यांचा जिथं जिथं पोचला होता तिथं तिथं फिरतच होता. दहा मिनिटांत आणखी दोघींकडून आला. तिला नाव माहीत नसलेल्या कुठल्या तरी एसटी स्टँडवर, कुठल्या तरी चहाच्या गाड्यावर आत्ता कुणीतरी फोनमधल्या चेहऱ्याकडे आणि समोरच्या माणसाकडे आळीपाळीनं बघत असेल. शाळा सुटायची वेळ होत आली होती.

संघप्रियाला तिनं फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे पतसंस्थेतल्या शिक्क्यांचा आवाज येत होता. मग संघप्रिया म्हणाली, "मी सुट्टी टाकून निघते. मजरेवाडीला त्या नागूबाईंकडे जाते आधी, त्यांना घेऊन पोलीस चौकीत. तू काय करतेस?"

"लिहिते," वैजयंती म्हणाली.

आरोहीला कुशीत घेऊन ती जमिनीवर बसली. पहिल्यांदा "एका व्यक्तीकडून गैरसमजातून" असं लिहिलं आणि पुसलं. अजिंक्यपर्यंत हे तो बसमध्ये बसायच्या आधी पोचणार होतं, त्याच्या मित्रांमार्फत, सासरी, बार्शीला, सगळीकडे. तिनं वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या आडनावासकट. खाली फ्लॅटचा नंबर आणि फोन. मग लिहीत गेली. वाक्यं तपासायला ती या वेळी थांबली नाही.

"मी वैजयंती अजिंक्य गवसाणे, जुळे सोलापूर. मुलं पळवणारा म्हणून ज्यांचा फोटो तुमच्याकडे आला आहे, तो मी काढलेला आहे. मूळ मेसेज मी लिहिला होता. त्यांचं नाव तिप्पण्णा बिराजदार. ते ड्रायव्हर आहेत, एकतीस वर्षं. त्यांनी माझ्याकडून एक चाक बघायला नेलं होतं आणि ते पुसून परत पाठवलं आहे. त्यांनी काहीही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं. पुढे पाठवायचं असेल तर हे पाठवा, माझ्या नावासकट.

ते आज पहाटेपासून घरी नाहीत. फोन बरोबर नाही. अंगावर पांढरा ड्रेस नाही, म्हणून फोटोवरून शोधू नका. उंची बेताची, केस पूर्ण पिकलेले, चपला कुठेही गेले तरी बाहेर काढून भिंतीला लावून ठेवतात. मोहोळ, जेऊर, बार्शी, अक्कलकोट, कुठल्याही स्टँडवर, देवळाच्या ओट्यावर, रस्त्याकडेच्या झाडाखाली असा एखादा माणूस एकटा बसलेला दिसला तर त्यांचा फोटो काढू नका. गर्दी करू नका. तुम्ही एकटेच जवळ जा. तिप्पण्णाकाका म्हणून हाक मारा. जेवलात का, एवढं विचारा. मला फोन करा, आणि त्यांच्याजवळ बसून राहा, मी निघालेच आहे."